डीअर गनसाठी स्लग कुठले घ्यावेत आणि स्कोप कुठला? (ओहायो, १२ गेज)

डेटनकर

मंडळी नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी ओहायोत डेटनजवळ राहतो. ग्रीन कार्ड झाल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, मागच्या सीझनला शेजारच्या आजोबांबरोबर त्यांच्या शेतावर नुसताच जाऊन बसलो. बंदूक त्यांची, मी फक्त बघायला. पहाटे अंधारात मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला बसायचं, हळूहळू झाडं दिसायला लागायची, आणि मग कधीतरी त्या झाडातलंच एक झाड मान हलवायचं. त्या तीन दिवसांनी मला वेड लावलं. यंदा स्वतः जायचंय. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी गन वीक (बंदुकीने हरणाच्या शिकारीचा आठवडा) सुरू होतो म्हणजे माझ्या हातात सात आठवडे आहेत.

बंदूक घेतलीये वापरलेली मॉसबर्ग ५०० कॉम्बो, १२ गेजची (आपल्याकडची बारा बोर) शॉटगन, पंप (पुढचा दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची), दोन नळ्यांची. एक नळी २८ इंची, आतून गुळगुळीत, पुढे चोक (नळीचं तोंड कमीजास्त आवळणारा तुकडा) बदलता येतो. दुसरी २४ इंची, आतून आटे पाडलेली, आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवायची पट्टी नळीलाच जोडलेली आहे, ती मागे रिसीव्हरवर (बंदुकीच्या मधल्या सांगाड्यावर) येते.

आता घोळ ऐका. दुकानात स्लगचे (छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसांचे) दोन प्रकारचे डबे होते, एकावर मोठ्या अक्षरात 'रायफल्ड स्लग', दुसऱ्यावर 'सॅबो स्लग'. मी म्हटलं माझ्याकडे दोन्ही नळ्या आहेत, काहीही चालेल. काउंटरवरच्या पोराने सॅबो हातात दिले, पाचाचा डबा, जवळपास १८ डॉलर. स्कोप अजून नाही म्हणून मी २८ इंची नळी लावून रेंजवर गेलो, तिला निदान पुढे माशी तरी आहे. ५० यार्डांवर दोन फुटी पुठ्ठा, पाच बार. तीन लागले, दोन कुठे गेले देव जाणे, आणि लागलेल्यांपैकी दोन भोकं गोल नव्हतीच, चांगली लांबट होती, जणू स्लग आडवा होऊन आत घुसला. खांदा दोन दिवस ठणकत होता ते वेगळंच.

बसायची जागा ठरलेली आहे. समोर झाडीची कड ६० यार्डांवर, शेताचा लांबचा कोपरा ११० ला (रेंजफाइंडरने मोजलंय). स्कोपला २०० डॉलरपर्यंत घालू शकतो. बायकोची अट एकच, जनावर तडफडता कामा नये, आणि मटण घरात खाल्लं जाणार, मुलगी सहा वर्षांची आहे.

तर स्लग नक्की कुठले, कुठल्या नळीतून, आणि स्कोप घेताना काय बघायचं?

चिपळूणकर_जर्सीत

डेटनकर, बंदुकीचा दोष नाही आणि तुमच्या नेमाचाही नाही. चुकीच्या नळीतून चुकीचं काडतूस गेलं एवढंच. आणि ती लांबट भोकं तुम्ही लक्षात ठेवलीत हे फार चांगलं केलंत कारण सगळं उत्तर त्याच भोकांत आहे.

नावांचा गोंधळ आधी सोडवू. 'रायफल्ड स्लग' हा आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीसाठी असतो. हो, नाव नेमकं उलटं वाटतं आणि दर सीझनला कोणीतरी यात फसतंच. त्या स्लगच्या अंगावर तिरप्या पन्हळी असतात म्हणून ते नाव पडलं. लोकांना वाटतं त्या पन्हळींमुळे स्लग फिरतो. खरं तर फिरणं अगदी नावापुरतं असतं, त्या पन्हळींचा उपयोग असा की चोकमधून जाताना मऊ शिशाला दबायला जागा मिळते. मग तो सरळ कसा जातो? १९३१ साली कार्ल फॉस्टर नावाच्या माणसाने ही रचना केली, म्हणून त्याला फॉस्टर स्लगही म्हणतात. मागून पोकळ, सगळं वजन नाकाशी. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, तेच तत्त्व. वजन साधारण एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, वेग सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास. चोक सिलिंडर नाहीतर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लावायचा, फुल चोकमधून स्लग मारू नका.

याचा जर्मन चुलता म्हणजे ब्रेनेके, १८९८ पासूनचा, त्याचा मागचा वॅड (दारू आणि गोळीमधलं बूच) स्लगलाच चिकटलेला असतो. शिसं जरा कडक, आरपार जायला जबरदस्त. तोही गुळगुळीत नळीतून चालतो.

सॅबो वेगळीच जात. आत नळीपेक्षा बारीक, रायफलच्या गोळीसारखी गोळी, आणि तिच्याभोवती प्लास्टिकचं कवच. नळीतले आटे ते कवच पकडतात, कवच गोळीला फिरवतं, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर कवच गळून पडतं, गोळी गरगर फिरत पुढे. तुमच्या २८ इंची नळीत आटेच नाहीत, मग फिरवणार कोण? न फिरणारी लांबट गोळी हवेत कोलांट्या खाते आणि पुठ्ठ्यावर आडवी लागते. झालं तुमचं लांबट भोक.

म्हणून तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे, २४ इंची आट्यांची नळी, तिच्या पट्टीवर स्कोप आणि सॅबो. ती गुळगुळीत नळी बदकं-तितरांसाठी ठेवा. आट्यांच्या नळीतून फॉस्टर मारला तर बंदूक फुटणार नाही, पण शिसं आट्यांत बसतं आणि पाच-दहा बारांनंतर ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) पसरायला लागतो.

पण कुठला सॅबो हे मी नाही सांगू शकत, कोणीच नाही सांगू शकत. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. माझ्या नळीने दुकानातला सगळ्यात महाग डबा १०० यार्डांवर सात इंचात विखुरला आणि त्याच्या निम्म्या किमतीतला तीन इंचात आणून ठेवला. माझ्या मित्राच्या त्याच मॉडेलच्या बंदुकीत बरोबर उलटं. तेव्हा तीन वेगवेगळे डबे आणा, हॉर्नेडीचा एसएसटी (वजन ३०० ग्रेन, वेग सेकंदाला २००० फूट) आणा, रेमिंग्टनचा अ‍ॅक्युटिप आणा, फेडरलचा तांब्याचा आणा, आणि कागदाला विचारा. तीन डब्यांचे साठ डॉलर जातील. ते स्कोपच्या बजेटमधून काढावे लागले तरी काढा.

मी हे इतकं जीव तोडून लिहितोय कारण आमच्या जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मधोमध टोपी असते ती) चालतच नाही, इथे शॉटगनच. आजोबांकडे चिपळूणला शेतीसंरक्षण परवान्यावर एकनळी बारा बोर होती, डुक्कर भातात शिरलं की रात्री बाहेर काढायचे. त्यांच्याकडे एलजी, एसजीचे छर्रे, काडतुसं मोजून मिळायची आणि मोजूनच उडायची. ते बार काढायच्या आधी इतका वेळ थांबायचे की आम्हा पोरांना वाटायचं झोपले की काय. ती सवय कामाची आहे.

नागपूरची_आयोवात

चिपळूणकरांनी स्लगचं सगळं सांगितलंच आहे, मी स्कोपचं बोलते.

सगळ्यात आधी आय रिलीफ बघ रे बाबा, बाकी सगळं नंतर. आय रिलीफ म्हणजे डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. १२ गेजचा सॅबो पंप गनमधून सुटला की बंदूक झटक्यात मागे येते आणि तिच्यासोबत स्कोपची मागची कड येते. साडेतीन इंचांच्या खाली आय रिलीफ असलेला स्कोप या बंदुकीवर लावायचाच नाही, चार असेल तर उत्तम. मी पहिल्या वर्षी .२२ च्या हलक्या रायफलवरचा जुना स्कोप उचलून लावला होता, पैसे वाचवायला. दुसऱ्याच बाराला भुवईच्या वर अर्धचंद्र उमटला, चार टाके, आणि खूण अजून आहे. पण टाक्यांपेक्षा वाईट पुढे झालं. त्यानंतर सहा महिने चाप ओढायच्या आधी डोळा आपोआप मिटायचा. ती भीती काढायला मला हलक्या टार्गेट लोडचे दीडशे बार लागले.

दुसरं, पॉवर (किती पट मोठं दिसतं ते) कमी घे. इथे आयोवात शॉटगन सीझनला पुष्कळदा हाका करतात, दहा जण रांगेने झाडीतून चालतात आणि बाकीचे नाक्यावर उभे. हरीण ३० यार्डांवरून पळत जातं, तेव्हा मोठ्या पॉवरमध्ये नुसते केस दिसतात, हरीण कुठलं नि झाड कुठलं काही कळत नाही. तुझी जागा बसायची आहे, ६० ते ११० यार्ड, त्यामुळे २-७ बाय ३२ (२ ते ७ पट, पुढची काच ३२ मिलिमीटर) भरपूर झाला. ३-९ बाय ४० बद्दल दुकानदार खूप आग्रह करेल, त्याची गरज नाही, वजन वाढतं आणि स्कोप उंच बसवावा लागतो, मग गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. पुढच्या काचेचे मिलिमीटर भागिले पॉवर. ३२ ला ४ ने भागलं तर ८, म्हणजे ८ मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, अंधारात आपली बाहुली साधारण ५ ते ७ पर्यंतच उघडते, म्हणजे ४ पॉवरवर तुला मिळायचा तेवढा सगळा उजेड मिळतोय. तोच स्कोप ७ वर नेलास तर साडेचार. तुमच्याकडे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी आहे ना, मग पहाटे स्कोप ३-४ वरच ठेवायचा.

तिसरं, पॅरालॅक्स. शॉटगनचे म्हणून विकतात ते स्कोप ५० किंवा ७५ यार्डांना सेट केलेले असतात, रायफलचे १०० ला किंवा त्याच्या पुढे. सेटिंग जुळत नसेल आणि डोळा मधोमध नसेल तर क्रॉसहेअर (काचेतली नेमाची फुली) निशाण्यावरून सरकल्यासारखी वाटते. यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण खरं सांगते, कमी पॉवरला १०० यार्डांच्या आत हा फरक इंचाच्या आतबाहेर असतो. गाल दरवेळी एकाच जागी टेकवायची सवय लाव, प्रश्न मिटला. यासाठी जास्तीचे शंभर डॉलर घालू नको.

तुझ्या बजेटात व्हॉर्टेक्स क्रॉसफायर टू २-७ बाय ३२ बसतो, आय रिलीफ जवळजवळ चार इंच, माझ्या नवऱ्याच्या बंदुकीवर आहे. ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम १.५-४ बाय २० थोडा वर जाईल पण हलका आहे आणि धक्का चांगला झेलतो. घेताना 'नायट्रोजन भरलेला' आणि 'फॉगप्रूफ' हे शब्द बघ, डिसेंबरमध्ये गरम गाडीतून बाहेर थंडीत आणलं की आतून बाष्प धरणारा स्कोप म्हणजे सगळा दिवस वाया.

आणि पट्टी नळीलाच आहे हे तुझं नशीब. रिसीव्हरवर बसवलेल्या स्कोपमध्ये नळी जरा हलली तरी झिरो (ठराविक अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली असणं) जातो, तुझ्यात नळी आणि स्कोप एकत्रच राहतात.

डेटनकर

दोघांचेही मनापासून आभार, 'रायफल्ड'चं नाव इतकं उलटं असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सॅबोचे तीन डबे मागवले, स्कोप व्हॉर्टेक्सचा मागवला.

नागपूरच्या ताई, झिरो कसा करायचा ते एकदा पायरीपायरीने सांगाल का? क्लिकचा हिशेब डोक्यात बसत नाहीये.

कोलंबस_कट्टा

मधेच बोलतोय, राग मानू नका. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी मान न आवळलेल्या) काडतुसांच्या रायफलला परवानगी आहे. .४५० बुशमास्टर, आणि २०१९ ला आलेली .३५० लेजंड. लेजंडचा धक्का तुमच्या १२ गेजच्या निम्माही नाही, वीस काडतुसांचा डबा तुमच्या दोन डबे सॅबोपेक्षा स्वस्त पडतो, १५० यार्डांपर्यंत निवांत. मी तीन वर्षांपूर्वी शॉटगन ठेवून दिली ती ठेवूनच दिली. शॉटगनच हवी असेल तर सॅव्हेज २२० बघा, २० गेज, बोल्ट अ‍ॅक्शन, स्लगसाठीच बनवलेली, तिच्या अचूकपणापुढे पंप गन उभी राहत नाही.

पण बंदूक घेतलीच आहे तर दोन गोष्टी. एक, आपल्याकडे शॉटगनमध्ये एकूण तीनच काडतुसं चालतात. जास्त बसू नयेत म्हणून मॉसबर्गच्या मॅगझीनमध्ये एक लाकडी दांडी असते, वापरलेल्या बंदुकीत आधीच्या मालकाने ती पुष्कळदा काढून फेकलेली असते. उघडून बघा. नसेल तर त्या मापाची दांडी कापून घाला, जंगलात अधिकारी पहिलं तेच तपासतो. दोन, केशरी जॅकेट किंवा व्हेस्ट अंगावर असलंच पाहिजे, पाठीवरच्या बॅगखाली झाकलं जाणार नाही असं.

साधा_माणूस_पुणे

हे सगळं वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही. परदेशात गेलो म्हणून हौसेसाठी जनावर मारायचं आणि वर स्कोप कुठला याची चर्चा करायची, मला नाही पटत.

चिपळूणकर_जर्सीत

@साधा_माणूस_पुणे, तुमचं वाईट वाटणं मला खरंच कळतं आणि भारतातल्या कायद्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण इथली गोष्ट वेगळी आहे. ओहायोत १९०४ च्या सुमारास एकही हरीण उरलं नव्हतं, बेसुमार शिकार आणि जंगलतोड. मग राज्याने हरणं परत आणली, वाढू दिली, आणि १९४३ ला फक्त तीन काउंट्यांत पहिल्यांदा सीझन उघडला. आज ती इतकी आहेत की मक्या-सोयाबीनचं नुकसान आणि रस्त्यावरचे अपघात हा रोजचा विषय. लांडगे नाहीत, पुमा नाहीत. किती मारायची ते राज्य ठरवतं, परमिटच्या पैशातून जंगलं राखली जातात. तरीही तुम्हाला पटू नये हे शक्य आहे, माझ्या सख्ख्या बहिणीला पटत नाही. पण हा माणूस जनावर तडफडू नये म्हणून सात आठवडे आधी विचारतोय, तेव्हा त्याला नीट शिकवणं मला माझं काम वाटतं.

नागपूरची_आयोवात

झिरो असा कर. पहिल्यांदा २५ यार्ड. पुठ्ठा मोठा लाव, मधे शेंदरी स्टिकर. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकव, नळी नाही, पुढचा लाकडी भाग टेकव. खांद्यावर जाड टॉवेलची घडी घे, लाज वाटू देऊ नको, धक्क्याची वाट बघत मारलेला बार काहीच सांगत नाही.

स्कोपची एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. म्हणजे १०० ला एक इंच हलवायला ४ क्लिक, ५० ला ८, २५ ला १६. अंतर निम्मं झालं की क्लिक दुप्पट, एवढं लक्षात ठेव. २५ ला दोन बार, मधोमध आणून ठेव. मग ५० ला तीन बारांचा ग्रुप, मग १०० ला. एका बारावरून कधीच क्लिक फिरवायची नाही, तिन्हीचा मध्य काढून फिरवायची. आणि दर तीन बारांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांब, गरम नळीत सॅबोचं प्लास्टिक वेगळं वागतं. मी थर्मासमधून चहा नेते, एक ग्रुप एक कप.

डबा बदलला की नळी पुसायची, ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट. पांढऱ्या चिंधीवर प्लास्टिकच्या करड्या रेघा दिसतील.

२००० फुटांचा सॅबो १०० ला बरोबर झिरो केलास तर ५० ला अर्धा-पाऊण इंच वर लागतो आणि १२५ ला जेमतेम दोन इंच खाली. म्हणजे तुझ्या ६० ते ११० मध्ये कुठेच डोकं चालवायला नको, छातीवर धर आणि सोड. हाच फॉस्टर असता तर ५० ला झिरो केल्यावर १०० ला पाच इंच खाली गेला असता, म्हणून त्याचं राज्य ७०-७५ पर्यंतच.

नवा_ह्यूस्टनकर

अवांतर प्रश्न, माफ करा. मी एच-१बी वर आहे. मला बंदूक हातात घेता येते का? ऑफिसमधले नेतो म्हणतात.

कोलंबस_कट्टा

@नवा_ह्यूस्टनकर, अवांतर मुळीच नाही, आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) असलेल्याला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. तेव्हा आधी लायसन्स, ते खिशात असताना मगच बंदुकीला हात. मुदत संपलेलं लायसन्स म्हणजे नसल्यासारखंच. ग्रीन कार्ड तोंडावर असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारूनच घ्या, एका शनिवारच्या हौसेपायी केस अडकवून घेऊ नका.

डेटनकर

परवा रेंजवर जाऊन आलो, कागद समोर ठेवूनच लिहितोय.

पहिला धडा स्लगचा नव्हताच. पहिला ग्रुप ५० यार्डांवर सहा इंच पसरला, मी हादरलो, म्हटलं परत तेच. शेजारच्या बेंचवरचे एक म्हातारे उठून आले, नळी हातात धरून हलवली तर किंचित टकटक. मॉसबर्गची नळी मॅगझीनच्या टोकाला एका स्क्रूने धरलेली असते, तो स्क्रू मी नळी बदलताना पूर्ण आवळलाच नव्हता. आवळला, आणि पुढचा ग्रुप दीड इंच. त्याच बंदुकीतून, त्याच डब्यातून.

मग १०० यार्ड. दोन्ही शिशाच्या सॅबोंपैकी एक साडेसहा इंच, दुसरा सव्वातीन. तांब्याचा पावणेचार. तीनदा थांबून, नळी गार करून. चहा मीही नेला होता.

सव्वातीनवाला घ्यावा की पावणेचारचा तांब्याचा, यावर अडलोय. मुलीचा विचार डोक्यात आहे.

चिपळूणकर_जर्सीत

तांब्याचा घ्या. अर्ध्या इंचाचा फरक हरणाला कळत नाही. छातीतली मारायची जागा, हृदय आणि फुप्फुसं मिळून, आठ इंची ताटलीएवढी असते, आणि दोन्ही डबे तिच्यात आरामात बसतात. शिशाचं मात्र कळतं. २००८ साली नॉर्थ डकोटाने अन्नछत्रांना दान मिळालेलं हरणाचं खिमा-मटण टाकून द्यायला सांगितलं होतं, त्यात शिशाचे कण सापडले म्हणून. जाड, हळू जाणारा स्लग रायफलच्या गोळीइतका फुटत नाही हे खरं, पण घरात सहा वर्षांचं लेकरू असताना मी तरी तांबंच वापरलं असतं. शिशाचं वापरलंतच तर जखमेभोवतीचं वीतभर मांस सरळ काढून टाका, हळहळू नका.

आता बार कुठे. हरीण आडवं उभं असू दे, किंवा थोडं तुमच्यापासून वळलेलं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या खालून एक तृतीयांश. समोरून तोंड करून उभं असेल तर नाही, चालत असेल तर नाही, मागे घराची किंवा रस्त्याची दिशा असेल तर मुळीच नाही. स्लग शॉटगनमधून सुटतो म्हणून तो जवळच पडतो असं समजू नका, जमिनीला घासून उसळला तर बराच लांब जातो. झाडावरच्या स्टँडवर असाल तर नेम खाली जातो, माती मागे येते, ते चांगलं. पण हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) जमिनीवर असतानाच घालायचा, वर गेल्यावर नाही.

बार लागला तरी लगेच उठू नका. ते कुठे उभं होतं, कुठल्या झाडाशी शेवटचं दिसलं, हे मनात पक्कं करा आणि घड्याळ लावून अर्धा तास बसा. मग त्या जागी जाऊन रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, शंभरेक यार्डांत पडलेलं सापडेल. गडद, हिरवट आणि वास मारणारं असेल तर पोटात लागलंय, मग परत फिरा आणि निदान सहा-आठ तास जाऊ नका. जखमी जनावराच्या मागे लगेच लागलात तर ते उठून मैलभर जातं आणि तडफडतं ते तेव्हा. तुमच्या बायकोची अट पाळायची तर सगळ्यात अवघड भाग हाच आहे, बसून राहणं.

कोलंबस_कट्टा

मटणाबद्दल एक जोडतो. हार्डिन, मॅरियन, वायंडॉट या बाजूला गेलात तर सीडब्ल्यूडीची (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा, पसरणारा रोग) तपासणी करून घ्या, रिझल्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. २०२० मध्ये वायंडॉटला आपल्या राज्यातल्या रानातल्या हरणात तो रोग पहिल्यांदा सापडला. डेटनला अजून चिंता नाही, पण नियम दरवर्षी बदलतात, यंदाचं पुस्तक बघून घ्या. आणि दांडी सापडली का?

डेटनकर

दांडी नव्हती. हार्डवेअरच्या दुकानातून लाकडी डॉवेल आणून कापली, आता आत दोन आणि चेंबरमध्ये एक, वर जात नाही.

तांब्याचेच घेतले, चार डबे, सगळे एकाच लॉट नंबरचे. १०० ला झिरो करून झाला, पाच बार त्यात गेले. लांबच्या ११० च्या कोपऱ्यावर मी यंदा बार काढणार नाही असं ठरवलंय. बेंचवर पिशवीवर जमतं, पण काल गुडघ्यावर टेकवून मारून बघितलं तर ८० च्या पुढे ताटलीबाहेर जायला लागलं. म्हणून ८० ची खूण म्हणून शेजारच्या आजोबांना विचारून एका खुंटाला फीत बांधून आलो.

पंधरा उरलेत. त्यातले पाच नोव्हेंबरात चांगली थंडी पडली की जाड जॅकेट घालून मारणार, तेव्हा दस्ता खांद्यावर कसा बसतो ते बघायचंय.

नागपूरची_आयोवात

जॅकेटने आय रिलीफ अर्धा इंच बदलतो, स्कोप रिंगमध्ये पुढे-मागे करावा लागला तर सीझनच्या आदल्या रात्री करू नको, हलवलास तर परत झिरो. आणि जाताना तो नळीचा स्क्रू.

डेटनकर

स्क्रूवर आणि नळीवर मिळून पांढऱ्या नेलपॉलिशची एक रेघ मारलीये ताई. रेघ सरळ दिसली तरच गाडी काढायची.